पांढरा राजमा, खपली गहू आणि टस्कनीचे दाट सूप

नमस्कार, श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा 10 अंशांच्या खाली उतरू लागला, की रात्रीच्या जेवणाला काहीतरी गरम, पातेल्यातून थेट वाढता येईल असे हवेसे वाटते, आणि अलीकडे पुष्कळ घरांत त्या जागी सूप आले आहे. हे सूप बहुधा कॉर्नफ्लोअरने दाट केलेले असते आणि मऊपणासाठी त्यावर डब्यातले क्रीम ओतलेले असते. ते दिसायला घट्ट असले तरी खाताना त्याचा आधार जाणवत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. आज मला आपल्याशी दाट आणि सायीसारख्या मऊ अशा एका इटालियन धाटणीच्या सूपविषयी बोलायचे आहे, ज्याचा दाटपणा आणि मऊपणा दोन्ही कडधान्यातून आणि धान्यातून येतात. ते केल्यावर जेवणात दुसरे काही लागत नाही.

इटलीच्या मध्यभागी टस्कनी हा प्रांत आहे आणि त्याच्या उत्तर भागात, लुक्का शहराच्या वरच्या अंगाला, गार्फान्याना नावाचे डोंगराळ खोरे आहे. तेथील शेतकरी फार्रो नावाचा टरफलाचा गहू पिकवतात. या गव्हाला 1996 मध्ये युरोपीय संघाकडून भौगोलिक संरक्षण मिळाले. लुक्काच्या परिसरातले प्रसिद्ध सूप म्हणजे शिजवून गाळलेल्या घेवड्याच्या दाण्यांच्या दाट रसात मुरत शिजवलेला हा गहू. त्यात क्रीमचा थेंब नसतो. क्रीम, बटाटा आणि सॉसेज घातलेले जे सूप टस्कनीच्या नावाने ओळखले जाते, त्याचा प्रसार अमेरिकेतल्या उपाहारगृहांनी केला. ते चवदार असते यात शंका नाही, परंतु घरी, वरचेवर आणि सर्वांच्या पोटाला मानवेल असे करायचे असेल तर मी शेतकऱ्याच्या पद्धतीची शिफारस करीन.

आणि ती शिफारस नागपुरात बसून करण्याला एक ठोस कारण आहे. गार्फान्यानाचा फार्रो आणि आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या पिकत आलेला खपली गहू हे एकाच जातीचे धान्य आहे. ज्याच्यासाठी लोक महागडी परदेशी पाकिटे शोधतात, ते धान्य आपल्याकडे लापशीसाठी भरडून विकले जाते. इतवारीतल्या धान्याच्या दुकानात किंवा सेंद्रिय माल ठेवणाऱ्याकडे चौकशी केल्यास खपलीचा जाडसर दलिया मिळू शकतो; न मिळाल्यास साध्या गव्हाचा दलिया चालतो, मात्र खपलीचा दाणा शिजूनही चावायला थोडा टणक राहतो, ती मौज साध्या दलियात नाही.

आता साहित्याकडे वळू या. चार माणसांसाठी 200 ग्रॅम पांढरा राजमा, 100 ग्रॅम दलिया, एक मोठा कांदा, दोन गाजरे, सेलरीचा एक दांडा, लसणाच्या चार पाकळ्या, दोन पिकलेले टमाटर, चार मोठे चमचे तेल आणि मूठभर हिरवी पाने एवढे पुरे. सेलरी मिळाली नाही तर सांभाराचे कोवळे देठ घ्यावेत. चव वेगळी येईल, पण पालेभाजीचा जो ताजा वास या सूपच्या पायाशी हवा असतो तो त्यातून येतो. पांढरा राजमा नसल्यास चित्रा राजमा वापरावा, रंग थोडा गढूळ होईल इतकेच.

राजमा रात्री भिजत घालावा आणि भिजवण्याच्या पाण्यात एक लहान चमचा मीठ घालावे. मिठाने कडधान्य शिजत नाही असा आपल्याकडे समज आहे, पण भिजवताना नेमके उलट घडते: मिठातले सोडियम दाण्याच्या सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणी येते त्यांना याचा फरक विशेष जाणवेल, कारण जड पाण्यातले कॅल्शियमच साल आवळून धरत असते. सकाळी ते पाणी फेकून द्यावे, दाणे धुऊन ताज्या पाण्यात घ्यावेत, आधी उघड्या भांड्यात दहा मिनिटे खळखळून उकळावेत, वर आलेला फेस काढावा आणि मग कुकर बंद करून अगदी मऊ होईपर्यंत शिट्ट्या घ्याव्यात. कच्च्या राजम्यात लेक्टिन प्रकारचे एक द्रव्य असते, ज्याने तीव्र उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते पूर्ण उकळीने नष्ट होते, कोमट आचेने होत नाही. म्हणून मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात न उकळलेला राजमा कधीही घालू नये. शिजलेल्या राजम्याचे पाणी मात्र जपून ठेवावे, कारण दाटपणाचा निम्मा ऐवज त्यातच असतो.

यानंतरचा टप्पा म्हणजे भाज्या परतणे, आणि माझ्या मते सूपची खरी परीक्षा इथे होते. आपला हात मोठ्या आचेवर कांदा लाल करण्याला सरावलेला आहे. सावजी रश्श्याला तो हवाच असतो, या सूपला तो चालत नाही. जाड बुडाच्या गंजात तेल घालून, अगदी बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी एकत्र टाकावेत, चिमूटभर मीठ घालावे आणि मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा ते वीस मिनिटे त्यांना आपल्याच पाण्यात शिजू द्यावे. मधूनमधून सराटा फिरवावा. कांदा पारदर्शक झाला पाहिजे, गाजर चिमटीत दबले पाहिजे, आणि एकही तुकडा करपता कामा नये. इटलीत बहुतेक घरगुती सूप आणि रश्शांचा पाया असाच रचला जातो. ही वीस मिनिटे वाचवली तर पुढे मसाल्याने ती भरून काढता येत नाहीत. हिवाळ्यातली आपली लाल गाजरे अधिक गोड असतात, म्हणून एखादे कमी घातले तरी हरकत नाही.

तिखटाशिवाय जेवण ही कल्पना नागपूरकरांना रुचत नाही, हे मी जाणते. टस्कनीतही लाल मिरची वापरली जातेच. आपण भाज्या टाकण्याआधी एक अख्खी भिवापुरी मिरची तेलात सोडावी आणि ती गडद होऊ लागताच बाहेर काढावी. तिखटाची पूड मात्र घालू नये, तिने राजम्याची सौम्य चव झाकली जाते. तमालपत्राबाबतही सावध राहावे लागते. इटलीतले तेजपान वेगळ्या झाडाचे असते आणि आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो. ते घातल्यास सूप पुलावाच्या वाटेला जाते. त्याऐवजी बाजारात मिळणारी वाळवलेली रोझमेरी अर्धा चमचा पुरेशी आहे.

भाज्या मऊ झाल्या की ठेचलेला लसूण एक मिनिट परतावा, मग साल काढलेले टमाटर कुस्करून घालावेत आणि तेल सुटेपर्यंत आटवावेत. टमाटर राजमा शिजल्यानंतरच घालायचे, कारण आंबटपणाने दाणा कडक राहतो. दरम्यान शिजलेल्या राजम्याचा तिसरा हिस्सा अख्खा बाजूला ठेवून उरलेला गाळून घ्यायचा आहे, आणि त्यासाठी मराठी घरात पुरणयंत्रासारखे साधन नाही. इटालियन स्वयंपाकघरातही दांडा फिरवून गाळणारे असेच यंत्र असते. पुरणयंत्रातून काढल्यावर सालपट वर राहते आणि खाली जो लगदा पडतो तो लोण्यासारखा असतो. मिक्सरनेही काम भागते, पण साल वाटले जाऊन किंचित खरखर राहते; शिवाय गरम राजमा बंद भांड्यात फिरवल्यास वाफेने झाकण उडून हात भाजण्याचा धोका असतो, म्हणून तो आधी निववून घ्यावा.

हा लगदा आणि राजम्याचे पाणी गंजात ओतावे, उकळी आली की धुतलेला दलिया घालावा आणि आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. या काळात दलियातला स्टार्च सुटतो आणि सूप आवळत जाते, म्हणून शेजारी गरम पाणी तयार ठेवावे आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहावे. शेवटच्या पाच मिनिटांत अख्खा राजमा आणि हिरवी पाने घालावीत. टस्कनीत यासाठी केल नावाची काळपट पालेभाजी वापरतात. केल, पानकोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही सारी एकाच प्रजातीची रूपे आहेत, त्यामुळे गोकुळपेठेच्या किंवा कॉटन मार्केटच्या भाजीवाल्याकडे फुलकोबीची जी कोवळी पाने टाकून दिली जातात, ती मागून आणावीत. दांडे काढून बारीक चिरल्यास ती इथे उत्तम लागतात. अंबाडीची भाजी कितीही आवडती असली तरी ती आंबट असल्याने येथे नको.

आता क्रीमचा प्रश्न. घरातील मुलांना किंवा पाहुण्यांना ते हवेच असेल तर अर्धी वाटी घालता येईल, परंतु सूपमध्ये टमाटर आहे हे विसरू नये. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्यावर दुधातली प्रथिने गोळा होतात आणि दूध फाटते. स्निग्धांश जितका अधिक तितका हा धोका कमी, म्हणून पातळ दुधापेक्षा घट्ट क्रीम किंवा घुसळलेली ताजी साय बरी. एका वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन-तीन पळ्या गरम सूप हळूहळू मिसळावे, गॅस बंद करावा आणि मग हे मिश्रण गंजात ओतावे. त्यानंतर पुन्हा उकळी आणू नये.

किसलेले पार्मेजान चीज वरून घालण्याची प्रथा आहे, आणि त्याची कडक पाठ सूपसोबत उकळल्यास चवीला खोली येते. शाकाहारी श्रोत्यांनी मात्र लक्षात घ्यावे, की अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरून करतात. हिरव्या ठिपक्याचे घट्ट भारतीय चीज किसून घातले तरी चालेल. दोन्ही खारट असतात, त्यामुळे मिठाची अखेरची चव चीज घातल्यावरच पाहावी. वाढताना प्रत्येक वाडग्यात चमचाभर चांगले ऑलिव्ह तेल आणि ताजी भरडलेली मिरी घालावी. सोबत आदल्या दिवशीचा पाव भाजून त्यावर लसणाची पाकळी घासून द्यावी. ज्वारीची कडक भाजलेली भाकरीही याच्याबरोबर छान लागते, मला तर तीच अधिक आवडते.

उरलेले सूप दुसऱ्या दिवशी सुरी लावून कापता येईल इतके घट्ट झालेले असेल, कारण दलिया रात्रभर पाणी शोषत राहतो. ते बाहेर ठेवू नये; निवताच फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्याआधी वाटीभर गरम पाणी मिसळून चांगली उकळी आणावी. क्रीम घालायचे असेल तर ते केवळ त्या दिवशी वाढायच्या भागात घालावे आणि उरणारा भाग त्याविनाच ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची उकळी निर्धास्तपणे आणता येते.

नमस्कार.