मोजणीची वही आणि वकिलाची नोटीस

‘खोलीभर’ आणि ‘भिंतीलगत’ या दोन शब्दांतल्या फरकावर अमेरिकेत एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1970 साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने बोस 901 या लाउडस्पीकरचं परीक्षण छापलं. नऊ ड्रायव्हरांपैकी (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या कोनांपैकी) आठ मागे भिंतीकडे तोंड करून आणि एकच पुढे, अशी त्याची रचना होती. वाद्यांचे आवाज खोलीभर भटकतात, असं छापून आलं. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला आवाज दोन स्पीकरांमधल्या भिंतीच्या कडेने सरकताना जाणवला होता. कंपनी कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टात जिंकली. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल मासिकाच्या बाजूने दिला: शब्द नेमका नव्हता, पण जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नव्हतं.

हा बचाव आपल्याकडे त्याच रूपात मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली कंपनीचीही बदनामी होऊ शकते आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की पुरतं. फौजदारीत ते खरं असून शिवाय लोकहिताचं असावं लागतं, किंवा सद्भाव दाखवावा लागतो. सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, पुरेशी काळजी घेतल्याचा पुरावा. म्हणून ध्वनी-उपकरणांची परीक्षणं लिहिणाऱ्यांशी आज कायद्यापेक्षा मोजणीबद्दल जास्त बोलायचं आहे.

कुडाळ-मालवणात डबलबारी भजनाला, दशावताराला सिस्टीम लावणाऱ्याइतकं या उपकरणांना कोण ओळखतं? पण नेमकी इथली परिस्थितीच नोटिशीला दार उघडून देते. अॅम्प्लिफायरचंच घ्या. डब्यावर 200 वॉट लिहिलंय, आपल्याला 136 भरले. लगेच ‘कंपनी खोटं बोलते’ असं लिहू नका. आधी मोजणी चालू असताना सॉकेटवर किती व्होल्ट होते ते बघा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरमध्ये ताकद ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. 230 च्या जागी 190 व्होल्ट असतील तर 200 वॉटचे साधारण 136 च उरतात. म्हणजे दोष वाडीतल्या लाइनचा, नाव मात्र कंपनीचं. ऑटोट्रान्सफॉर्मरने 230 धरून ठेवा, 8 ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी जोडायचा रोध) लावा, 1 किलोहर्ट्झचा सूर द्या आणि सुराची विकृती (डिस्टॉर्शन) 1 टक्क्याला पोचते तिथला व्होल्टेज टिपा. 40 व्होल्ट आले तर 200 वॉट. डमी लोड तापला की त्याचा रोध सरकतो, म्हणून तोही मोजणीनंतर पुन्हा तपासा.

स्पीकरचं त्याहून अवघड. किती व्होल्टला किती आवाज निघतो हे मोजताना 2.83 व्होल्ट देतात. ते म्हणजे 8 ओहमला 1 वॉट, पण 4 ओहमला 2 वॉट. हे न पाहता दोन स्पीकरांची तुलना केलीत तर 3 डेसिबल फुकट इकडचे तिकडे होतात. आणि खोली. समजा खळ्यात (अंगणात) स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटरवर, मध्ये 1 मीटर अंतर. जमिनीवरून परतणारा आवाज 2.6 मीटर चालून येतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा 1.6 मीटर जास्त, साधारण 4.7 मिलिसेकंद उशिरा. तो वगळायचा तर तो पोचण्याआधीच मोजणी तोडावी लागते, आणि मग वारंवारतेचा आलेख अंदाजे 215 हर्ट्झच्या खाली ग्राह्य धरता येत नाही, आणि चिऱ्याची भिंत जवळ असेल तर मर्यादा आणखी वर चढते. अशा मोजणीवरून ‘बेस पोकळ आहे’ असं लिहिलं, तर समोरचा वकील फक्त तुमच्या माइकची उंची विचारेल. विधान ‘215 हर्ट्झच्या वर’ एवढ्यापुरतंच ठेवलं असतं तर विचारायला काही उरलं नसतं.

खारी हवा हा आपला खास विषय. टर्मिनलवर हिरवा थर चढला तर फोटोखाली लिहा: समुद्रापासून किती अंतर, किती दिवस, झाकून की उघड्यावर. आयपी आकड्यातली (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्ज्यातली) पाण्याची चाचणी गोड्या पाण्याने होते. मिठाने गंजणार नाही अशी हमी त्यात नसते. हे लिहिलंत तर ग्राहकालाही कळतं आणि कंपनीवर न दिलेल्या वचनाचा आरोपही होत नाही.

तुलना सारख्याला सारख्याशीच. खोबरेल तेलाचं प्रकरण इथल्या माणसाला लगेच समजेल. मॅरिको कंपनीने आपल्या पॅराशूट तेलाबद्दलच्या एका व्हिडिओवरून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. जानेवारी 2020 मध्ये एकल न्यायमूर्तींनी तो व्हिडिओ अंतरिम काढायला लावला. सुक्या खोबऱ्याचं तेल आणि व्हर्जिन (ओल्या खोबऱ्याचं) तेल असं वेगळ्या जातीचं तेल शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष तिथे टिकला नाही. प्रकरण पुढे अपिलातही गेलं, पण चूक चाचणीच्या मांडणीतच होती. पॅसिव्ह टॉपला (बाहेरून अॅम्प्लिफायर लागणाऱ्या स्पीकरला) आतच अॅम्प्लिफायर आणि प्रोसेसर असलेल्या अॅक्टिव्ह टॉपशेजारी उभं करून नावं ठेवणं हेही तसंच.

उलट बाजूही माहीत हवी. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी यांच्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुनावणीआधीच मजकूर काढायचे आदेश सहजी देऊ नयेत. त्यामुळे नोटीस आली म्हणून त्याच रात्री परीक्षण पुसून टाकू नका. नोटिशीतला एक-एक मुद्दा घेऊन मोजणीच्या वहीशी ताडून बघा. चुकलं असेल तेवढंच दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख घाला. उपकरण कंपनीने फुकट दिलं असेल तर तेही सांगा, 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार ते लागतंच.

बिल, सिरियल नंबर, माइकची कॅलिब्रेशन फाइल, मूळ मोजणीच्या फाइली एकत्र ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) द्यावी लागते, म्हणून ती मोजणीच्या दिवशीच काढून ठेवा. आणि तो स्पीकर विकू नका. दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत असते. तेवढे दिवस तो सिलिका जेलच्या पुड्यांसकट जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवा, आणि पावसाळा संपला की पुड्या बदला.