गाठ कुठली, हे ठरवताना

स्वारगेटला सकाळच्या एसट्या लागतात. बारामती, सातारा, सोलापूरहून आलेल्या या गर्दीत कुणाच्या काखेत सीटी स्कॅनचा मोठा लिफाफा असतो. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, 'पोटात गाठ आहे, पुण्याला दाखवा.'

तक्रार बहुधा साधीच. थकवा, कमी झालेलं हिमोग्लोबिन, कधी काळ्या रंगाची शौच. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने निघून जातात. एंडोस्कोपीत जठरात गुळगुळीत फुगवटा दिसतो. चिमट्याने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण जिस्ट नावाची ही दुर्मीळ गाठ अस्तराखालच्या स्नायूच्या थरात वाढते. चिमटा बहुतेकदा तिथवर पोचतच नाही.

सीटी स्कॅनवर रेडिओलॉजिस्टना बरंच कळतं. गाठ कुठून निघाली, केवढी आहे, यकृतापर्यंत गेली का. खात्री मात्र पेशी पाहिल्यावरच होते. ही गाठ ठिसूळ असते, म्हणून शक्यतो पोटावरून टोचत नाहीत. एंडोस्कोपीच्या नळीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीवर बघत, जठराच्या आतूनच सुई घालतात.

आता काम पॅथॉलॉजिस्टचं. फॉर्मालिनमधला तुकडा मेणात बसवायचा, तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा, रंगवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसतात. अडचण अशी, की स्नायूच्या आणि मज्जातंतूच्या गाठीही अशाच दिसतात. पूर्वी यातल्या कितीतरी गाठी स्नायूच्याच समजल्या गेल्या. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी या गाठींत किट जनुकातला बदल दाखवला. त्या बदलामुळे पेशीला वाढण्याचा संदेश थांबतच नाही. आज सीडी-११७ आणि डॉग-१ या प्रथिनांची चाचणी करतात. ती असली की पेशी तपकिरी रंगतात.

नातेवाईक रोज विचारतात, 'रिपोर्ट आला का?' त्यांची घालमेल खरी आहे. तरीही हे थांबणं मोलाचं आहे. एरवीची केमोथेरपी जिस्टवर फारशी चालत नाही. वाढीचा तो संदेश अडवणारी इमॅटिनिबची गोळी चालते. तीही सगळ्यांना नाही. किटऐवजी पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकात डी८४२व्ही हा बदल असेल, तर तिचा उपयोग होत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

जनुकांची ही तपासणी त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला निघालात, तर फाइलबरोबर ब्लॉक आणि स्लाइड आठवणीने मागून घ्या.