हात वर करून बघा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘वैमानिकाचा गणवेश आणि व्यवसायाची प्रतिमा’ असा छापलाय. प्रतिमेकडे येतोच, पण आधी मुंढा. इथे निम्मे तरी शिलाईतले बसलेत. मुंढा म्हणजे शर्टाला बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, हे शेजारच्याला तुम्हीच दाखवा.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका विमान-प्रशिक्षण संस्थेची ऑर्डर आली. पांढरे शर्ट, दोन खिसे, खांद्यावर पट्टी. त्या पट्टीवर सोनेरी फिती सरकवतात; कॅप्टनला चार, को-पायलटला बहुतेक ठिकाणी तीन. तिथल्या साहेबांनी नमुना एका पोराला घालून आरशापुढे उभा केला. म्हणाले, अंगाला चोपून बसू दे, फोटोत रुबाब दिसला पाहिजे. मी म्हटलं, साहेब, हा उभा राहणार कधी? तासन्‌तास बसायचं, हात पुढे, आणि डोक्यावर बटणांचं पॅनेल. तिकडे हात नेला की काखेखाली उतरलेला खोल मुंढा अख्खा शर्ट पँटीतून उपसतो. मुंढा काखेजवळ वर ठेवू, पाठीत चुण्या देऊ. ऐकलं नाही. कापडही पूर्ण पॉलिएस्टर, इस्त्रीचा त्रास नको म्हणून! मंडळी, आगीत पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. कॉकपिटमध्ये बसणाऱ्याच्या अंगावर कॉटनच हवं.

आणि मुलींना? पुरुषांचाच लहान नंबर द्या, म्हणे. छातीला आवळ, खांदा दंडावर उतरलेला, फिती पुढे घसरलेल्या. ज्या फितींसाठी ती पोरगी एवढी झटली, त्याच वाकड्या. याचा मला अजून राग येतो. भारतात जवळपास 15 टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. तरी त्यांच्यासाठी वेगळा साचा कापायचा कंटाळा!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर भराभर सांगतो. सुरुवातीचे वैमानिक चामडी जाकीट घालायचे, कारण कॉकपिट उघडं, थंडी आणि इंजिनाचं तेल तोंडावर. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने आपल्या वैमानिकांना जहाजावरच्या अधिकाऱ्यांसारखा पोशाख दिला: गडद कोट, टोपी, बाहीवर फिती. विमानाची धास्ती असलेल्या प्रवाशाचा जहाजाच्या कप्तानावर मात्र भरवसा होता. म्हणजे ही प्रतिमा विचार करून शिवलेली आहे, आणि मला ती मान्य आहे. अडचणीच्या वेळी शेवटचा शब्द कोणाचा, हे फितीवरून कळतं. पण कामाच्या आड येणारा शर्ट घालून तो भरवसा टिकायचा कसा?

आपण शाळांचे गणवेश कुठे कुठे पाठवतो. 9 जून 2025 पासून आपल्या सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही उडतंय. तेव्हा असं काम आलं तर कटिंग मास्तरांनी माप घेताना माणसाला खुर्चीत बसवावं, हात वर करायला लावावा, आणि मुलींचा साचा वेगळाच काढावा. गिऱ्हाईक नको म्हणालं, तर दोन्ही नमुने शिवून त्याच्याच अंगावर चढवा. मी दोन्ही आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. जाताना घालून बघा.