येअर्ली : शिडाच्या दोरीवरचा शब्द

वादळात सापडलेले एक जहाज किनाऱ्याकडे ओढले जात आहे. कप्तान सारंगाला हाक मारतो आणि खलाशांना ‘येअर्ली’ कामाला लाव, नाही तर जहाज जमिनीला लागेल, असे बजावतो. १६११ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात सादर झालेल्या शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाची ही सुरुवात आहे.

कानाला हा शब्द ‘वार्षिक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा वाटतो, पण वर्षाशी त्याचा काही संबंध नाही. ‘येअर’ म्हणजे सज्ज आणि म्हणूनच चपळ. त्यावरून ‘येअर्ली’ हे क्रियाविशेषण झाले. त्याचा अर्थ नुसता ‘लवकर’ असा लावला, तर तो निम्माच हाती लागतो. घाईत ओढलेली दोरी अडकते. ‘येअर्ली’ ओढलेली सहसा अडकत नाही, कारण ओढणाऱ्याचा हात हुकूम येण्याआधीच तिच्यावर गेलेला असतो. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात तर हाच शब्द राणीच्या नौकेवरचे रेशमी दोर हाताळणाऱ्या दासींच्या फुलासारख्या मऊ हातांसाठी आला आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ रूप ‘ग’ने लिहीत, मात्र त्या ‘ग’चा उच्चार ‘य’ होत असे. जर्मन भाषेने ‘ग’ टिकवला, म्हणून इंग्रजीत जे ‘येलो’, ते जर्मनमध्ये ‘गेल्ब’. त्याच न्यायाने ‘येअर’चा जर्मन भाऊबंद ‘गार’ हा होय, आणि तो आज प्रामुख्याने स्वयंपाकघरात भेटतो. उकळत्या पाण्यातल्या बटाट्यात सुरीचे टोक सहज शिरले, की बटाटा ‘गार’ झाला, म्हणजे शिजला. वाफाळत्या बटाट्याला गार म्हणणे मराठी माणसाला चमत्कारिक वाटेल खरे. पण शिजलेल्या भाताला आपणही ‘भात झाला’ असेच म्हणतो.

या कुळातला तिसरा शब्द तर रोज आपल्या हाताखाली असतो. स्कँडिनेव्हियाच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला ‘गिअर’ आधी साजसरंजाम या अर्थाने वापरला जाई. यंत्रातल्या दातेरी चाकांना ते नाव पुष्कळ नंतर मिळाले.

‘येअर्ली’ आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. मूळ विशेषण मात्र शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांनी सोडलेले नाही : सुकाणू किंचित फिरवताच जी होडी वळते, तिला ते ‘येअर’ म्हणतात.