काळ्या घोड्याचे स्थलांतर

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, मुलांची पावले आधी वाघाकडे आणि पेंग्विनकडे वळतात. त्याच आवारात कांस्याचा एक भव्य अश्वारूढ पुतळा उभा आहे. दक्षिण मुंबईतल्या एका सबंध परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो मूळचा काळा घोडा हाच.

घोड्यावरचे स्वार आहेत ब्रिटनचे तत्कालीन युवराज, म्हणजे १९०१ साली गादीवर आलेले राजे सातवे एडवर्ड. नोव्हेंबर १८७५ मध्ये त्यांनी मुंबईला भेट दिली. त्या भेटीचे स्मारक म्हणून, बगदादमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या व्यापारात नावारूपाला आलेले सर अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला अर्पण केला. कुलाब्याची ससून गोदीही त्यांनीच उभारलेली. पुतळा घडवला तो व्हिएन्नात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये कीर्ती मिळवलेल्या जोसेफ एडगर बोएम यांनी. १८७९ मध्ये तो फोर्ट भागात, डेव्हिड ससून ग्रंथालयाजवळच्या मोकळ्या जागेत बसवण्यात आला.

उघड्या हवेत कांस्य काळवंडते. त्या काळसर रंगावरून लोकांनी पुतळ्याला ‘काळा घोडा’ म्हणायला सुरुवात केली आणि स्मारक ज्यांच्यासाठी उभारले त्या युवराजांना बोलण्यातून अलगद वगळले. सामान्य मुंबईकरांनी केलेली ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामागे ना कोणाचा हुकूम होता, ना ठराव.

स्वातंत्र्यानंतर परकीय सत्तेची स्मारके रस्त्यांवरून हलवली जाऊ लागली, तेव्हा १९६५ मध्ये हा पुतळाही राणीच्या बागेत आला. मागे उरलेली जागा वाहनतळाच्या कामी आली, तरी परिसराचे नाव टिकले. १९९९ पासून भरणारा कलामहोत्सवही त्याच नावाने ओळखला जातो. २०१७ मध्ये तेथे पुन्हा एक घोडा उभा राहिला. वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची संकल्पना आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांची घडण असलेल्या या घोड्यावर स्वार नाही.

मूळ घोड्याला राणीच्या बागेत सोबतही तशीच मिळाली आहे. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले तो दगडी हत्ती, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, पुढे सांधला गेला, आणि आज याच परिसरात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.