वांदिवाश १७६० : थकलेले पगार आणि गेलेलं राज्य

प्लासीचं नाव शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पण हिंदुस्थानात इंग्रज राहणार की फ्रेंच, याचा निकाल लागला वांदिवाशला. म्हणजे आजचं तमिळनाडूतलं वंदवासी.

फ्रेंचांचा सेनापती होता काउंट लाली. घराणं आयरिश, माणूस शूर, पण जिभेनं भलताच तिखट. आल्या आल्या त्यानं बुसीला हैदराबादहून बोलावून घेतलं. निजामाच्या दरबारात फ्रेंचांचा जम बसवला होता तो याच बुसीनं. १७५१ साली कुकडीच्या काठी, ऐन चंद्रग्रहणाच्या रात्री पेशव्यांच्या छावणीवर छापा घालणाराही हाच. लालीचं त्याच्याशी कधी पटलंच नाही.

लालीनं इंग्रजांच्या मद्रासला घातलेला वेढा फसला. फ्रेंच आरमार किनारा सोडून निघून गेलं. तिजोरीत खडखडाट. पगार इतके थकले, की १७५९ च्या ऑक्टोबरात लालीच्या गोऱ्या सैनिकांनीच बंड केलं. खरं सांगायचं तर, निम्मी लढाई तिथंच हरली होती.

पुढच्याच महिन्यात इंग्रजांच्या आयर कूटनं वांदिवाशचा किल्ला घेतला. तो परत मिळवायला लालीनं वेढा घातला आणि कूट किल्ल्याच्या मदतीला धावला.

२२ जानेवारी १७६०. दोन्हीकडे गोरे सैनिक दोन हजारांच्या आसपास, बाकी देशी शिपाई.

लालीनं घोडदळाला हल्ल्याचा हुकूम दिला. घोडदळ जागचं हलेना. मग फ्रेंचांची लोरेन पलटण संगिनी रोखून कूटच्या पलटणीवर तुटून पडली. रांग फुटली, पण दोन्ही अंगांनी गोळ्यांचा असा मारा झाला, की पलटणीची दाणादाण उडाली. तेवढ्यात फ्रेंचांच्या डाव्या बाजूला, तळ्याजवळच्या मोर्च्यात, दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला. मोर्चा पडला, बुसी इंग्रजांच्या हाती कैद झाला.

आणि लालीनं पैसे मोजून मदतीला आणलेले मुरारराव घोरपड्यांचे मराठे स्वार? ते लांबूनच बघत राहिले. हरणाऱ्याच्या पायी आपली घोडी कोण मारून घेणार!

वर्षभरात फ्रेंचांचं मुख्य ठाणं असलेल्या पाँडिचेरीला वेढा पडला, उपासमार झाली. १६ जानेवारी १७६१ ला इंग्रज शहरात शिरले. पानिपत होऊन दोनच दिवस झाले होते; पुण्याला त्याची खबरही नव्हती.

लालीवर पॅरिसमध्ये देशद्रोहाचा खटला चालला. १७६६ साली तोंडात बोळा कोंबून त्याला वधस्तंभाकडे नेलं आणि त्याचा शिरच्छेद केला. फ्रेंच लेखक व्होल्टेअरनं त्याची बाजू लावून धरली. १७७८ साली तो निकाल रद्द झाला.