झाडावर चढणाऱ्यांसाठी दोराची पिशवी, घरच्या शिलाई मशीनवर

[जमिनीवर बसून. समोर दोराचा ढीग.]

नमस्कार मंडळी. हा ४५ मीटर दोर आहे, जाडी १२ मिलिमीटर, वजन चार-साडेचार किलो. काल काम संपल्यावर घाईघाईत गाडीत टाकला होता, तसाच आत्ता तुमच्यासमोर आणून ठेवलाय. मी याचं एक टोक ओढते. बघा हं.

[ओढते. आठव्या हाताला गुंता वर येतो.]

आला. इथं जमिनीवर बसून हा सोडवायला मला दोन मिनिटं लागतील. पण हेच मी १५ मीटर वर लोंबकळत असताना झालं तर? खाली उतरताना दोर माझ्या चढाईच्या गाठीतून सरकत जायला हवा. मध्येच असा गोळा आला की मी तिथंच अडकले. हात आखडायला लागतात, खालचा माणूस काही करू शकत नाही, आणि एका हातानं लटकत दुसऱ्या हातानं गुंता सोडवत बसावं लागतं. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल.

म्हणून आज दोराची पिशवी शिवायची. शिवताना एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. दोर आत मावणं सोपं आहे, तो बिनगुंत्याचा बाहेर यायला हवा. कापड, माप, तोंड, पट्टे, सगळं त्यावरून ठरतं.

आधी दोर आत कसा जातो ते बघू, कारण पिशवीचा आकार तिथूनच येतो.

[क्लोज-अप: दोन्ही हात, खाली उघडी पिशवी.]

बरेच जण दोराची गोल वेटोळी करतात आणि ती पिशवीत ठेवतात. दिसायला फार छान दिसतं. पण गोल गुंडाळलेला दोर तुम्ही टोकानं सरळ वर ओढलात की दर वेटोळ्यामागे त्यात एक पूर्ण पीळ पडतो. ८० सेंटिमीटरचं एक वेटोळं धरलं तर ४५ मीटरमध्ये पन्नासच्या वर पीळ झाले. ते सगळे पुढे सरकत सरकत एका जागी जमतात, आणि तिथं दोर स्वतःभोवतीच फिरून फास घेतो.

त्याऐवजी हे बघा. हातावर हात. डावा हात दोर आणतो, उजवा खाली कोंबतो. इकडं, तिकडं, इकडं, तिकडं. शिस्त लावायची नाही, रचायचं नाही, नुसता खाली पडू द्यायचा. एक लूप या बाजूला वळतो, पुढचा त्या बाजूला, त्यामुळे एकाचा पीळ दुसरा काढून टाकतो. आणि जो शेवटी आत गेला तोच पहिल्यांदा बाहेर येतो. खालच्या थराला वरच्याखालून निघायची वेळच येत नाही.

याला दोन हात मावतील एवढं रुंद तोंड लागतं, आणि ते आपोआप उघडं राहावं लागतं. मी शिवलेली पहिली पिशवी अरुंद आणि उंच होती, गाडीत नीट बसावी म्हणून. १८ सेंटिमीटर व्यास. दोर कोंबताना हात आत जाईना, म्हणून मी वरून दाबत गेले. दाबलेला दोर गठ्ठ्यानं बाहेर आला. एका फांदीवर बसून तो गठ्ठा सोडवला, आणि त्या संध्याकाळी पिशवी उसवून तिच्या कापडाच्या हत्यारांच्या दोन थैल्या केल्या. तेव्हापासून माझ्या पिशव्या बादलीसारख्या असतात.

[पाटीवर खडूनं लिहिते.]

आता माप. १२ मिलिमीटर दोराच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १.१३ चौरस सेंटिमीटर. गुणिले ४५०० सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या दोराचं घनफळ पाच लिटरच्या थोडं वर. पण सैल पडलेल्या दोरात हवाच जास्त असते. मी तिप्पट धरते. झाले १५ लिटर. आणि पिशवी काठोकाठ भरायची नाही, वरची तिसरा हिस्सा जागा मोकळी हवी, तरच हात फिरतो. म्हणून २४ लिटर.

२६ सेंटिमीटर व्यास आणि ४५ सेंटिमीटर उंची घेतली की बरोबर २४ लिटरच्या आसपास येतं. तुमचा दोर ६० मीटरचा असेल तर याच हिशेबानं ३२ लिटर लागतील. तेव्हा व्यास ३० करा, उंची तेवढीच ठेवा. उंची वाढवली की हात तळाला पोचत नाही आणि पिशवी कलंडते.

कापड. मी पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टर वापरते, ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीतलं जाड कापड असतं ना, ते. चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या जवळपासचं. ते स्वतः ताठ उभं राहतं, चिकाचे डाग पुसले जातात, जमिनीची ओल आत घेत नाही. १००० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनही चालतं, ते हलकं आणि चिवट असतं. पण नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की ढिलं पडतं, आणि उन्हापुढे पॉलिस्टरइतकं टिकत नाही. सुती कॅनव्हास मला हाताला आवडतो, पण ओल्या दोरासोबत ठेवला की कुजतो, म्हणून नको. रंग भडक घ्या. पाचोळ्यात हिरवी पिशवी शोधायला लागते, आणि फांद्या टाकणाऱ्याला ती दूरवरून दिसायला हवी.

दोरा मात्र बाँडेड, म्हणजे पेड एकत्र चिकटवलेल्या, पॉलिस्टरचाच घ्या, टेक्स ७० किंवा ९०. टेक्स हेही दोऱ्याच्या जाडीचंच माप. सुई १८ नंबरची. टाका लांब, साडेतीन ते चार मिलिमीटर. इथं पुष्कळ जण चुकतात. बारीक टाका म्हणजे पक्की शिवण असं आपल्याला वाटतं, साध्या कापडात ते खरंही आहे. पण लेप दिलेल्या कापडात सुईचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. भोकं जवळजवळ पडली की ओळीवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. टाचण्याही याच कारणानं लावायच्या नाहीत, कागदाचे चिमटे लावा.

[टेबलावर कापलेले तुकडे.]

तुकडे सांगते. अंगाचा आयत ८५ सेंटिमीटर रुंद, ५२ उंच. घेर ८२, उरलेले तीन शिवणीत जातात. उंचीत दीड सेंटिमीटर तळाची शिवण आणि पाचेक वरची दुमड. तळाच्या चकत्या दोन, २९ सेंटिमीटर व्यासाच्या. हो, दोन. तळ आणि त्याची कड सगळ्यात आधी झिजते, बाकी पिशवी नवी दिसत असते आणि तळाच्या कडेतून दोर डोकावत असतो. गळ्यासाठी पातळ नायलॉनचा आयत, ८५ बाय २५. पट्ट्यांसाठी २५ मिलिमीटरची वेबिंग पट्टी, म्हणजे बॅगांच्या पट्ट्यांना असते तशी विणलेली जाड पट्टी, चार मीटर. पट्टीची टोकं कापल्यावर लगेच आगीवर धरून वितळवून घ्या, नाहीतर तिचे धागे सुटत राहतात.

पहिलं काम आयलेटचं, म्हणजे भोकात ठोकायच्या धातूच्या रिंगांचं. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून पितळी आयलेट तीन ठिकाणी ठोकायचे. ओला दोर पिशवीत जाणारच, पाऊस आपल्याला विचारून येत नाही. पाणी निथळलं पाहिजे.

दुसरं काम पट्टे, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

[क्लोज-अप: उसवलेला पट्टा, भोवती फाटलेलं कापड.]

हा बघा. विकत घेतलेली पिशवी होती. पट्टा वरच्या कडेला चार टाक्यांत लावलेला. ओला दोर, वर कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, सगळं मिळून सहा-सात किलो. गाडीतून खेचून काढताना पट्टा कापड घेऊन बाहेर आला. दोरा शाबूत आहे, बघा, कापड गेलंय. वजन कापडावर टाकलं की हेच होणार. वजन पट्टीवरच राहायला हवं.

म्हणून पट्टी वरच्या कडेपासून खाली तळाच्या कडेपर्यंत पूर्ण न्यायची, समोरासमोर दोन. आणि तळाच्या चकतीवर एक आडवी पट्टी अशी शिवायची की तिची दोन्ही टोकं बरोबर या उभ्या पट्ट्यांच्या टोकांवर येतील. मग तळ जोडताना पट्टीवर पट्टी शिवली जाते आणि पिशवीला खालून झोळीसारखा आधार मिळतो. उभी पट्टी अंगावर शिवताना दोन्ही कडांना टीप, आणि वर जिथं खांद्याचा पट्टा सुटतो तिथं चौकोन आणि त्यात फुली. हे सगळं आयत सपाट असतानाच करायचं. नळकांडं झालं की मशीनच्या पायाखाली ते बसत नाही.

आता बाजूची शिवण. दीड सेंटिमीटर सोडून एक टीप, मग शिल्लक कड एका बाजूला दुमडून वरून दुसरी टीप. आत मोकळी कड ठेवू नका, दोराचं टोक तिथं अडकतं. मशीनचा पाय कापडाला चिकटत असेल तर वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका.

तळ जोडणं अवघड वाटतं, पण खुणा केल्या की सरळ आहे. चकतीवर खडूनं चार खुणा, नळकांड्याच्या खालच्या कडेवर चार खुणा. आधी त्या चार जुळवून चिमटे लावायचे, मग मधली जागा. सरळ कड गोलावर नीट बसावी म्हणून नळकांड्याच्या कडेला दर दोन सेंटिमीटरवर छोटा काप द्या, एक सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. सावकाश शिवा. पट्टीवर पट्टी येते तिथं मोटर वापरायची नाही, चाक हातानं फिरवायचं आणि मागे-पुढे तीन वेळा जायचं. मग कडेवर गोट. वेबिंगचीच पट्टी दुमडून गोट म्हणून वापरली तरी चालते.

[पिशवी उलटवते.]

गळा पटकन. पातळ कापडाला वर नेफा, नेफ्यात नाडी, खालची कड पिशवीच्या वरच्या दुमडीत अडकवून शिवायची. त्याच दुमडीत १२ मिलिमीटरची पॉलिथिलीनची नळी घालायची, ८० सेंटिमीटर, दोन्ही टोकं लाकडाच्या छोट्या खुंटीवर जोडून. नळीमुळे तोंड गोल उघडं राहतं. माझ्या मते सबंध पिशवीत ही एक नळी सगळ्यात जास्त कामाची.

एक फास आतून, कडेच्या खाली बोटभर. दोर भरायच्या आधी त्याचं शेवटचं टोक या फासात अडकवायचं. त्या टोकाला थांब-गाठ मारलीय की नाही हे त्यामुळे दर वेळी नजरेला पडतं. दोर कमी पडला आणि टोकाला गाठ नसेल तर उतरताना माणूस दोराच्या बाहेर जातो. चढण्याआधी ही गाठ बघण्याची सवय लागावी म्हणून मी तो फास मुद्दाम वर ठेवलाय.

काय लावायचं नाही, तेही सांगते. चेन नको, भुसा आणि चीक बसून ती आठवड्यात अडते. वेल्क्रो तर दोराच्या जवळपासही नको, त्याचे आकडे दोराच्या आवरणाचे धागे उपसतात. आत खिसे नकोत. थ्रो लाइन, म्हणजे फांदीवरून फेकून मागून जाड दोर वर ओढायची बारीक दोरी, याच पिशवीत नको, ती दोन मिलिमीटरची सुतळीसारखी दोरी या जाड दोरात एकदा शिरली की दोन्ही गेले. तिला वेगळी पिशवी. पेट्रोल, करवतीचं तेल, बॅटरी यांच्याशेजारी ही पिशवी ठेवू नका. ॲसिडचा नुसता स्पर्श नायलॉनच्या दोराला पुरतो, आणि इजा बाहेरून दिसेलच असं नाही.

आणि हे फार गंभीरपणे सांगते. ही पिशवी, तिचे पट्टे, तिचा फास, यातलं काहीही माणसाचं वजन धरायला नाही. झाडावर पिशवी फांदीला टांगा, खुशाल टांगा. पण स्वतःला तिच्या कुठल्याही भागाला अडकवायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही.

शिलाई मशीन नसेल तर २० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या, तळाला भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. दोर तिच्यातूनही तितकाच छान बाहेर येतो. फक्त पाठीवर घेता येत नाही.

[उभी राहते. नवी पिशवी पायाशी.]

चला, बघू. टोक फासात, गाठ आहे. भरते.

[हातावर हात. दोर आत.]

नाडी ओढली. आता मुद्दाम आडवी पाडते, लाथ मारते, गाडीत होतात ते सगळे हाल करते. परत उभी केली, तोंड उघडलं, नळीनं लगेच गोल झालं. आता वरचं टोक ओढते, जोरात, थ्रो लाइननं झाडावर चढवताना ओढतो तसं.

[दोर सळसळत बाहेर येतो. कॅमेरा पिशवीच्या तोंडावर. शेवटचा लूप सुटतो, फासातली थांब-गाठ दिसते.]

४५ मीटर. एकदाही थांबला नाही.

मापांचा कागद स्क्रीनवर ठेवते, उतरवून घ्या.